कार्डावरचा रिकामा चौकोन

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात बिस्किटांचा एक जुना डबा आहे. रेशन कार्ड, वीजबिले, अम्मीच्या हजचे कागद आणि आमच्या दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डे त्यात असतात. 2022 च्या नोव्हेंबरात एका रात्री तो डबा उघडून आम्ही दोघे नवरा-बायको जमिनीवर बसलो होतो. डॉक्टरांनी थोरल्याचे कार्ड मागितले होते. कार्ड सापडले. जन्माच्या वेळची बीसीजी, पोलिओचे थेंब, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची इंजेक्शने, सगळ्यांच्या तारखा त्यावर होत्या. नऊ महिन्यांच्या रकान्यात मात्र चौकोन रिकामा होता. त्या रिकाम्या चौकोनाची किंमत आमच्या सात महिन्यांच्या लेकीने मोजली. ती कशी, हे सांगण्यासाठीच हे लिहीत आहोत.

आम्ही भिवंडीत राहतो. दोन खोल्यांत आठ माणसे. घरातला पुरुष यंत्रमागाच्या कारखान्यात मेहताजी, बाई घर सांभाळून शिवणकाम करते. थोरला मुलगा जून 2019 चा. त्याला नऊ महिने पुरे झाले आणि देशभर टाळेबंदी लागली. माग बंद, दवाखाने कोरोनाच्या कामात, बाहेर पडायची भीती. अंगणवाडीतले लसीकरण काही दिवस बंद होते. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा आशाताई दोनदा दारात येऊन गेल्या. "ताई, गोवर-रुबेलाची सुई राहिली आहे, मंगळवारी या." आम्ही हो म्हणालो आणि गेलो नाही.

का गेलो नाही, याचे खरे उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला. टाळेबंदी हे पहिल्या काही महिन्यांचे कारण होते. पुढची दोन वर्षे कारण वेगळे होते. नात्यातल्या एका गटात व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेश फिरत होता. या लशीत हराम वस्तू आहे, मुलांना पुढे मूल होऊ नये म्हणून ती देतात, आणि आपल्याच वस्त्यांत एवढ्या आग्रहाने का येतात ते ओळखा, असा त्याचा सूर. आमचा त्यावर पूर्ण विश्वास बसला असेही नाही. पण मनात खडा पडला. पोरगा धडधाकट आहे, खातो-खेळतो आहे, मग उगीच ताप कशाला ओढवून घ्या, असे म्हणत दिवस गेले.

एप्रिल 2022 मध्ये लेक जन्मली. तिच्या साडेतीन महिन्यांपर्यंतच्या सगळ्या लसी आम्ही वेळेवर दिल्या. म्हणजे लशीला आमचा विरोध नव्हताच. फक्त त्या एका सुईचे आम्ही टाळत राहिलो.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या वस्तीत लहान मुले दगावल्याच्या बातम्या आल्या. ताप, पुरळ, मग श्वास लागणे. गोवर असल्याचे निदान झाले. केंद्राचे पथक मुंबईत आले. पाठोपाठ मालेगाव आणि आमची भिवंडीही बातम्यांत आली. बातम्यांत वस्त्यांची नावे होती, म्हणजे आपलीच नावे होती. वाचताना राग यायचा. आपण मुलांची काळजी घेत नाही असेच हे सगळे लिहीत आहेत, असे वाटायचे. त्या रागात बातमीचा अर्धा भाग आम्ही वाचलाच नाही. गोवराला बळी पडलेल्यांत बहुतेक मुले लस न घेतलेली होती, हा तो भाग.

नोव्हेंबरात थोरल्याला ताप आला. नाक गळत होते, डोळे लाल, कोरडा खोकला. हवा बदलली असेल म्हणून गल्लीतल्या दवाखान्यातून औषध आणले. चौथ्या दिवशी कानामागून पुरळ निघाले आणि चेहऱ्यावरून अंगभर उतरले. अम्मींनी पाहताक्षणी ओळखले, "हा तर खसरा." मग घरात जुन्या रीतीप्रमाणे सुरू झाले. दारावर कडुनिंबाचा डहाळा, अंघोळ बंद, खिडक्या बंद, मुनक्का आणि खमीरा मरवारीद. पुरळ पूर्ण बाहेर पडले की ताप उतरेल, असे अम्मी म्हणाल्या. आठवड्याभरात मुलगा उठून बसला. आम्ही अल्लाहचे शुक्र मानले. धाकटी त्या सगळ्या दिवसांत त्याच खोलीत, त्याच्यापासून चार हातांवर झोपत होती.

दहा-अकरा दिवसांनी तिला ताप भरला.

गोवराबद्दल जे आम्हाला तेव्हा माहीत असायला हवे होते, ते नंतर रुग्णालयात कळले. आपण गोवराला पुरळाचा आजार समजतो, पण तो श्वासातून शिरतो. खोकल्या-शिंकेतून बाहेर पडलेला विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. रोगी खोलीतून निघून गेला तरी मागून येणाऱ्याला तो पकडतो. ज्यांनी लस घेतलेली नाही आणि ज्यांना आधी गोवर झालेला नाही, अशी दहा माणसे रोग्याच्या सहवासात आली तर त्यांतल्या नऊ जणांना तो होतो. आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरत असतो. आम्ही खिडक्या बंद केल्या तेव्हा विषाणू घरात कोंडला गेला. पण खरे तर त्याच्या आधीच, मुलाला नुसती सर्दी आहे असे आम्ही समजत होतो तेव्हाच, लेकीला संसर्ग होऊन गेला होता.

तिला पुरळ आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दूध ओढेना. छातीशी धरली की दोन घोट घ्यायची आणि सोडून द्यायची. श्वास भराभर चालला होता, बरगड्यांखालची जागा दर श्वासाला आत ओढली जात होती. अम्मी म्हणाल्या, अजून पुरळ बाहेर पडतेय, सबर करा. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा अम्मींचे ऐकले नाही. रिक्षा केली आणि सरकारी रुग्णालय गाठले.

तिथल्या नर्सबाईंनी घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजले. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त असतील तर धोका समजतात. तिचे 68 होते. गोवरातून न्यूमोनिया झाला होता. गोवराने मुले दगावतात त्यांत सर्वांत मोठे कारण न्यूमोनियाच असतो, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले नाही, नंतर सांगितले. ऑक्सिजन लावला, सलाईन लावले. पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस तोंडावाटे दिला. गोवराच्या प्रत्येक मुलाला तो देतात. गोवर शरीरातले हे जीवनसत्त्व ओढून घेतो आणि डोळे जायची भीती असते. थोरल्याला तो मिळालाच नव्हता. त्यालाही बोलावून दिला.

त्या रात्री डॉक्टरांनी विचारले, "घरात आधी कोणाला झाला होता?" आम्ही सांगितले. "त्याची लस झाली होती?" आम्ही गप्प. "उद्या कार्ड घेऊन या." एवढेच. त्यांनी आवाज चढवला असता तर आम्हाला सोपे गेले असते.

लेक सहा दिवस रुग्णालयात होती. शेजारच्या खाटेवर आठ महिन्यांचे बाळ होते, त्याच्यापुढे पाच महिन्यांचे. आम्ही डॉक्टरांना विचारले, "एवढ्या लहानांना कसा होतो? यांची तर लशीची वेळही आली नव्हती." डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि नीट समजावले.

आईच्या रक्तातली संरक्षक द्रव्ये गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत बाळाकडे जातात. पहिले काही महिने त्यांच्यावर निभते. मग ती हळूहळू संपतात. ती भरपूर असताना गोवराची लस दिली तर ती लशीलाच निष्प्रभ करतात. म्हणून आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, बाराव्या महिन्याच्या आत, आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत देतात. पण आईकडून मिळालेले संरक्षण सहा-सात महिन्यांतच ओसरलेले असू शकते. मधले हे दोन-तीन महिने बाळ उघडे असते. "या काळात त्याच्याकडे स्वतःचे काही नसते," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या भोवतीच्या लोकांनी लस घेतलेली असेल तर विषाणू त्याच्यापर्यंत पोचत नाही. तेवढाच त्याचा आडोसा. गोवर रोखायचा तर वस्तीतल्या 100 पैकी 95 मुलांना दोन्ही डोस मिळालेले हवेत."

थोरल्याची लस ही फक्त थोरल्यासाठी नव्हती, हे आम्हाला त्या खुर्चीसमोर उभे असताना कळले. ती धाकटीचीही होती. आमच्या मजल्यावरच्या आणखी तीन बाळांचीही होती. मुले अल्लाहची अमानत आहेत असे आपण म्हणतो. पण एका अमानतीत हयगय झाली की दुसरीही धोक्यात येते, हे आम्ही कधी मनात आणले नव्हते. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल प्रेषित (स.) यांनी किती ताकीद दिली आहे ते आपण खुत्ब्यांत ऐकतो. घरातला कचरा त्याच्या दारात टाकू नये, हे आपल्याला समजते. घरातला रोग त्याच्या पाळण्यापर्यंत जाऊ नये, हेही त्याच हक्कात येते.

त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस केंद्र सरकारने राज्यांना सूचना दिली. साथ असलेल्या भागात 9 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा, आणि जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालची बाळे दहा टक्क्यांहून जास्त आहेत तिथे 6 ते 9 महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यावा. हा लवकरचा डोस हिशेबात धरत नाहीत. पुढचे दोन्ही डोस वेळेवर घ्यावेच लागतात. महाराष्ट्रात डिसेंबर आणि जानेवारीत दोन टप्प्यांत खास मोहीम झाली. आमच्या लेकीला त्याचा उपयोग झाला नाही, तिला आधीच होऊन गेला होता. पण मजल्यावरच्या तीन बाळांना झाला. त्यांच्या आयांना घेऊन आम्हीच केंद्रावर गेलो.

आता त्या मनातल्या खड्याबद्दल. लेक घरी आल्यावर आम्ही तो आवाजी संदेश घेऊन मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेलो. त्यांनी आम्हाला हसण्यावारी नेले नाही. ते म्हणाले, हराम-हलालचा प्रश्न विचारणे चूक नाही, उत्तर न शोधता बसून राहणे चूक आहे. काही लशींत जिलेटीन वापरतात, लस टिकून राहावी म्हणून. हा प्रश्न जगभरच्या मुसलमानांपुढे आला आहे. 1995 मध्ये कुवेतमध्ये उलेमा आणि वैद्यकतज्ज्ञ यांची परिषद झाली. मूळ वस्तू प्रक्रियेत पूर्णपणे बदलून वेगळी झाली तर तिचा हुकूमही बदलतो, या इस्तिहालाच्या तत्त्वावर त्यांनी अशा जिलेटीनला परवानगीच्या बाजूने मत दिले. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने 2018 मध्ये जास्त कडक भूमिका घेतली. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या गोवर-रुबेला लशीबद्दलच तो फतवा होता. तिच्या निर्मितीत डुकरापासूनचा घटक वापरला असल्याने ती हराम, पण दुसरी लस उपलब्ध नाही आणि न दिल्यास मुलांच्या जिवाला धोका आहे, म्हणून ती देणे जायज, असे त्यांनी सांगितले. "बघा," मौलाना म्हणाले, "सगळ्यात कडक बोलणारेही शेवटी मुलाला लस द्या इथेच आले. जीव वाचवणे हा शरियतचा मोठा उद्देश आहे." तो फतवा येऊनही तिथल्या अचेह प्रांतात लोकांच्या मनातली शंका गेली नाही आणि लसीकरण फार कमी झाले, हेही त्यांनी सांगितले. शंका एकदा पसरली की उत्तर तिच्यामागे धावत राहते.

मूल न होण्याच्या अफवेवर ते एवढेच म्हणाले, "तुम्ही दोघांनी लहानपणी गोवराची लस घेतली होती का?" घेतली होती. आणि आमच्या मांडीवर दोन मुले होती.

अम्मींना समजावणे मात्र कठीण वाटत होते. त्या वाईट मनाच्या नाहीत. स्वतःच्या पाच मुलांना गोवर झालेला त्यांनी पाहिला, चार वाचली. जे गेले त्याची त्या आजही दुआत आठवण काढतात. त्यांच्या काळात निंब आणि मुनक्का यांपलीकडे हाताशी काही नव्हते. एका संध्याकाळी त्याच डब्यातून त्यांचे हजचे कागद निघाले. त्यात लसीकरणाचा दाखलाही होता. हजला जाण्याआधी मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय सौदी सरकार व्हिसा देत नाही. पोलिओचे थेंबही त्यांनी घेतले होते. आम्ही तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. "अम्मी, ही सुई घेताना तुम्ही काही विचारले होते?" त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथे लाखो लोक असतात. एकाचे दुसऱ्याला लागू नये म्हणून देतात." स्वतःच बोललेले त्यांना ऐकू आले असावे. पुढच्या मंगळवारी थोरल्याला केंद्रावर त्याच घेऊन गेल्या.

गोवर होऊन गेला तरी ही लस कशाला, असे आम्हीही विचारले. कारण तीत रुबेलाची लसही असते. रुबेला मुलाला किरकोळ वाटतो, पण घरात गरोदर बाई असेल तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडवतो. आमच्या घरची धाकटी सून तेव्हा पोटाशी होती. तिने डॉक्टरांना विचारले, मीच आता ही लस घेऊ का? डॉक्टर म्हणाले, गोवर-रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत, लग्नाआधी किंवा दोन बाळंतपणांच्या मध्ये बघायला हवे होते. फ्लूची लस मात्र गरोदरपणात चालते, आणि तिचे संरक्षण बाळालाही मिळते. तान्ह्या बाळांच्या छातीत उतरणारा आणखी एक विषाणू आहे, आरएसव्ही. त्यावरही बाळाच्या आईला द्यायची लस निघाली, अमेरिकेत तिला 2023 मध्ये मंजुरी मिळाली. तत्त्व तेच. बाळ स्वतः लढू शकत नाही तोवर त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी तयारी करायची असते.

आपले पूर्वज या आजाराकडे डोळे उघडे ठेवून पाहत होते. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखावेत यावर दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात अबू बक्र अल-राझी यांनी स्वतंत्र किताब लिहिली. गोवराला ते हस्बा म्हणत. ते रोग्याजवळ बसून पाहत आणि लिहून ठेवत. त्यांच्या वारशाचा आपण अभिमान सांगतो. मग एका अनोळखी आवाजाच्या संदेशावर आपल्या मुलाचा निर्णय सोपवताना तो वारसा कुठे जातो?

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. साथ आली ती फक्त आमच्या हट्टामुळे नाही. दोन खोल्यांत आठ माणसे, हवा नसलेल्या गल्ल्या, कामासाठी आज इथे उद्या तिथे जाणारी कुटुंबे, अशक्त मुले, वस्तीच्या मानाने अपुरे दवाखाने, हे सगळे त्यात आहे, आणि ते मागून घ्यायलाच हवे. पण त्यांतली एक गोष्ट आमच्या हातात होती. ती आम्ही केली नाही. ऊंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावा, ही शिकवण आम्हाला लहानपणापासून पाठ. आम्ही दोरीला हातही लावला नव्हता.

आज लेक अल्हम्दुलिल्लाह बरी आहे. ती घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितले होते की गोवर शरीराची आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, त्यामुळे काही महिने जपा. तसेच झाले. पहिले वर्ष प्रत्येक सर्दी तिच्या छातीत उतरायची, आणि तिचा श्वास चढला की आम्ही घड्याळ घेऊन मोजायला बसायचो. अजूनही कधी रात्री ती खोकली की आम्ही दोघे एकदम जागे होतो.

शेजारच्या खाटेवरचे आठ महिन्यांचे बाळ घरी गेले नाही. त्याची आई आम्हाला वजूच्या नळाजवळ भेटली होती. तिचे तेच पहिले मूल होते. त्याला कोणाकडून लागला, हे तिला माहीत नव्हते. आमच्या थोरल्यासारख्याच कोणाकडून तरी लागला असणार. तिच्या डोळ्यांकडे आम्हाला बघवले नाही.

वाचक बहिणी-भावांना एवढीच विनंती. हा अंक खाली ठेवलात की घरातला तो डबा काढा. मुलांची कार्डे बघा. नऊ महिन्यांचा आणि सोळा महिन्यांनंतरचा, असे गोवर-रुबेलाचे दोन चौकोन भरलेले आहेत का? नसतील तर उशीर झाला असे समजून बसू नका. पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रावर ही लस मोफत देतात. सुईनंतर आठ-दहा दिवसांनी एखाद्याला थोडा ताप किंवा बारीक पुरळ येते, ते आपोआप जाते. घरात कोणाला गोवर झालाच तर खिडक्या उघडा, लहान बाळाला दुसरीकडे हलवा आणि 'अ' जीवनसत्त्वासाठी लगेच दवाखान्यात जा. दूध आणि खाणे चालू ठेवा.

आणि मनात शंका असेल तर ती मनात ठेवू नका. डॉक्टरांना विचारा, मौलानांना विचारा. आम्ही विचारले, पण अडीच वर्षे उशिरा. थोरल्याचा चौकोन आता भरला आहे. त्यावरची तारीख आम्ही कधी कधी काढून बघतो.

अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना सुरक्षित ठेवो, आणि ज्यांची लेकरे गेली त्यांना सबर देवो. आमीन.